टाकाऊतून किती टिकाऊ?

कपाशीची शेवटची वेचणी झाली की शेतात पऱ्हाटी उभी राहते. तिचा चुरा करून, तो वाफेवर निर्जंतुक करून त्यात अळंबीवर्गातल्या बुरशीचे बियाणे मिसळले आणि साच्यात भरून उबदार, अंधाऱ्या जागी ठेवले, तर आठवडा-दोन आठवड्यांत चुऱ्याचा कण न् कण पांढऱ्या तंतूंनी बांधला जातो. साचा उघडला की हातात हलकी, एकसंध लादी येते. ती भट्टीत वाळवली की बुरशी मरते आणि लादी तशीच राहते. तिच्यात सिमेंट नसते, सरस नसतो, खनिज तेलापासून केलेले रेझिनही नसते. बांधणीचे सारे काम एका सजीवाने केलेले असते आणि त्याचा खुराक असतो शेतात उरलेला काडीकचरा.

शेती, स्वयंपाकघर आणि कारखाने यांच्या उरल्यासुरल्या मालातून, सजीवांच्या मदतीने असे साहित्य घडवणे हा आज जीवशास्त्र, रसायनशास्त्र, वास्तुकला आणि उत्पादनांची रचना यांच्या सीमेवरचा विषय आहे. त्यात सजीव तीन वेगवेगळ्या नात्यांनी येतो. कधी तो नुसता पुरवठादार असतो. काथ्या, केळीचा धागा, लाख, कोळंबीचे टरफल या त्याने स्वतःसाठी घडवलेल्या वस्तू माणूस उचलून वापरतो. कधी तो कारागीर असतो. बुरशी चुरा बांधते, जिवाणू चुनखडी साठवतात किंवा साखर खाऊन प्लास्टिकसारखा पदार्थ करतात आणि काम झाल्यावर त्यांना थांबवले जाते. तिसऱ्या नात्यात वस्तू तयार झाल्यावरही तो जिवंत राहतो आणि तिची डागडुजी करतो. पहिले नाते माणसाच्या घराइतके जुने आहे. दुसरे प्रयोगशाळेतून अलीकडे बाजारात आले. तिसरे बहुतांशी अजून प्रयोगावस्थेत आहे. त्याला मेघालयातला एक मोठा अपवाद आहे.

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग शाळेतल्या हस्तकलेच्या तासापासून मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. या विषयात शिरताना त्यातले दोन्ही शब्द तपासून घ्यावे लागतात. टिकणे हाच गुण मानला तर प्लास्टिकच्या पिशवीइतकी टिकणारी वस्तू सापडणे कठीण. दहा मिनिटांच्या वापरासाठी केलेली पिशवी पिढ्यान्‌पिढ्या मातीत राहते आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. टाकाऊचेही तसेच आहे. जी काडी शहरातल्या संशोधकाला टाकाऊ वाटते, ती गावात कोणाच्या तरी चुलीत, दावणीला किंवा खताच्या खड्ड्यात जात असते. म्हणून वस्तूने नेमके किती काळ टिकावे आणि जे टाकाऊ म्हणून उचलले ते कोणासाठी टाकाऊ होते, हे दोन प्रश्न या क्षेत्रातल्या प्रत्येक प्रयोगाला विचारावे लागतात. ज्या प्रयोगांनी ते विचारले नाहीत, ते देखणे असूनही फारसे पुढे गेले नाहीत.

जुन्या बांधकामाने या प्रश्नांची उत्तरे आपल्या परीने शोधली होती. सह्याद्रीच्या पट्ट्यात कारवीच्या काठ्यांचे कूड असत, विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या आणि पऱ्हाटीचे. त्यावर शेणमातीचे लिंपण. आजच्या परिभाषेत हे मिश्र साहित्य आहे. काठी ताण घेते, माती दाब घेते, आणि माती सुकताना आकसून तडकू लागली की शेणातले बारीक तंतू ती भेग धरून ठेवतात. गुरांनी चघळून, पचवून बारीक केलेले हे तंतू लिंपणात जितके एकसारखे मिसळतात, तितके हाताने कापलेले गवत मिसळत नाही. अशी भिंत कायमची टिकावी अशी अपेक्षा कोणी करत नसे. दर काही दिवसांनी सारवण आणि पावसाळ्यानंतर पुन्हा लिंपण हा घराच्या देखभालीचाच भाग होता आणि घर पडले तर त्याची माती परसात मिसळून जाई.

मिश्रणात कोणती वनस्पती घातली यावर किती फरक पडतो, याचा एक पुरावा वेरूळ आणि अजिंठा यांच्या तुलनेत मिळतो. दोन्ही ठिकाणी लेण्यांच्या दगडावर मातीचा गिलावा आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यातले वनस्पतीचे तंतू किडींनी खाल्ले आणि त्यामुळे चित्रांचे मोठे नुकसान झाले. वेरूळच्या गिलाव्याला तसा उपद्रव झाला नाही. २०१६ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेरूळच्या नमुन्यांत भांगेच्या झाडाचे अवशेष सापडल्याचे दाखवले गेले. या झाडाचा धागा चिवट असतो आणि किडी त्यापासून दूर राहतात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी ही निवड जाणून केली असावी असे मानायला जागा आहे. चुन्याच्या घाण्यात गूळ, हिरड्याचे पाणी किंवा बेलफळाचा गर घालण्याची रीतही याच जातीची. त्या काळी प्रयोगशाळा नव्हत्या, परंतु कोणता रस चुना हळू घट्ट करतो आणि कोणता त्याला चिकटपणा देतो, हे गवंड्याच्या हाताला ठाऊक होते.

पुरवठादार सजीवांमध्ये सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट लाखेची आहे. लाखेच्या किड्याची पिल्ले पळस, बोर किंवा कुसुंबाच्या कोवळ्या फांदीवर बसतात, सोंड आत खुपसून रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखा स्राव सोडतात. हजारो किड्यांचे कवच एकमेकांत मिसळून फांदीवर जाड खपली धरते. पळस आणि बोरीवरच्या लाखेला रंगिणी आणि कुसुंबावरच्या लाखेला कुसुमी म्हणतात. कुसुमीचा रंग फिका आणि भाव चढा. झारखंड आणि छत्तीसगड हे लाखेचे मोठे प्रदेश, पण पूर्व विदर्भातल्या पळसांवरही ती घेतली जाते. फांदीवरून खरवडलेली लाख धुऊन, कापडी नळीत भरून विस्तवासमोर वितळवली आणि पातळ ताणली की चपडा होतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की सुताराचे पॉलिश होते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरचा आणि गंजिफांवरचा लकाकता थर लाखेच्याच परंपरेतला.

लाख तापवली की मऊ होते, साच्यात दाबता येते आणि थंड झाल्यावर घट्ट होते. हा गुण ज्यात आहे त्याला आज प्लास्टिक म्हणतात. दगडाची पूड मिसळलेल्या लाखेतून ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या छापल्या जात, आणि मराठी नाट्यसंगीत घराघरांत पोहोचले ते पळसावरच्या किड्याच्या या राळेवर कोरले जाऊन. वीज आली तेव्हा तारांच्या आवरणासाठीही लाखच लागत होती. मागणी वाढली आणि किड्यांचा वेग काही वाढेना. याच तुटवड्यावर उपाय शोधताना लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट केले. संपूर्ण कृत्रिम प्लास्टिकचा जन्म असा एका किड्याला पर्याय शोधताना झाला. लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम इथे १९२४ मध्ये संस्था उभी राहिली, तोवर बाजाराची दिशा बदलू लागली होती. १९४८ नंतर तबकड्याही व्हिनाइलच्या होऊ लागल्या. तरीही औषधी गोळ्यांवर आणि फळांवर चमक आणणारा थर म्हणून लाख आजही वापरात आहे, कारण तिथे खाता येणारी वस्तूच हवी असते.

लाखेच्या या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. सजीवाचा वेग आणि बाजाराचा वेग जुळला नाही, तर उत्तम पदार्थही मागे पडतो. शिवाय 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' ही सीमा वाटते तितकी स्वच्छ नाही. सेल्युलॉइड कापसाच्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून केले जाई; म्हणजे मूळ वनस्पतीचेच. पण ते इतके ज्वालाग्राही होते की जुन्या नायट्रेट फिल्म जपून ठेवणे हा जगभरच्या चित्रपट संग्रहालयांपुढचा धोका ठरला. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत भारतीय चित्रपटांच्या अशा हजारो रिळांची राख झाली. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन केले जाते. त्याचे मूळ हिरवे असले तरी रेणू नेहमीच्या पॉलिथिनचाच, त्यामुळे ते मातीत कुजत नाही. उलट खनिज तेलापासून केलेली काही प्लास्टिके योग्य परिस्थितीत कुजतात. पदार्थ कशापासून जन्मला आणि तो कसा नाहीसा होतो, हे दोन वेगळे हिशेब आहेत. जाहिरातींतला 'बायो' हा शब्द हे दोन्ही हिशेब एकत्र करून टाकतो आणि ग्राहक फसतो.

वनस्पतींपासून साहित्य करायचे तर तिच्या पेशीची भिंत समजून घ्यावी लागते. १८३८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पेयां यांनी वेगळे करून दाखवलेले सेल्युलोज हा तिचा मुख्य घटक. कुडाचीच उपमा घ्यायची तर सेल्युलोज म्हणजे काठ्या, लिग्निन म्हणजे लिंपण आणि हेमिसेल्युलोज म्हणजे दोन्हींना धरून ठेवणारी बांधणी. तिघांचे प्रमाण बदलले की वागणूक बदलते. कापसाच्या तंतूत सेल्युलोज नव्वद टक्क्यांहून अधिक, म्हणून तो मऊ आणि सहज रंगणारा. काथ्यात लिग्निन चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणून तो खरखरीत, पण खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने पडला तरी न कुजणारा. कोकणात आणि केरळात नारळाची सोडणे पाण्यात मुरवून त्यातून काथ्या काढतात, तेव्हा मुरण्याच्या त्या महिन्यांत जिवाणू तंतूंमधला मऊ गर खाऊन टाकतात आणि लिग्निनने झाकलेला तंतू मागे राहतो. सजीवाने सजीवाला सोलण्याचा हा उद्योग सूक्ष्मजीवशास्त्राच्या कितीतरी आधीचा.

लिग्निन पचवण्याची ताकद फार थोड्या सजीवांत असते. लाकूड पांढरे पाडून कुजवणाऱ्या बुरशा त्यांत अग्रभागी आहेत. धिंगरी अळंबी त्यांच्यातलीच. अळंबी म्हणून जे दिसते ते या बुरशीचे फळ. तिचे खरे शरीर म्हणजे काडीच्या आत पसरलेले कवकजाल. त्याचे तंतू केसाहून कितीतरी बारीक असतात. टोकाशी विकरे सोडत, समोरचा लाकूडचुरा विरघळवत आणि त्यातली साखर शोषत ते पुढे सरकतात, फांद्या फोडतात, एकमेकांना भेटून जुळतात. त्यांच्या भिंतीत सेल्युलोजऐवजी कायटिन असते, तेच कोळंबीच्या टरफलात असते. १८११ मध्ये आंरी ब्राकोनो यांना हा पदार्थ प्रथम सापडला तोही अळंबीतच.

या जाळ्याचा बांधणीसाठी उपयोग करताना खरा प्रश्न असतो वेळेचा. बुरशीला चुरा पुरता बांधेपर्यंत वाढू द्यायचे, पण सगळा खाऊन टाकू द्यायचा नाही. अळंबी धरू द्यायची नाही, म्हणून उजेड आणि मोकळी हवा बेताने द्यायची. योग्य दिवशी उष्णता देऊन वाढ थांबवायची. लवकर थांबवले तर लादी हातात भुगा होते, उशीर झाला तर आतून पोकळ आणि मऊ. वाढीत बाहेरच्या पृष्ठावर एक साईसारखी पांढरी कातडी धरते. तिच्यातली काही प्रथिने पाणी झटकून टाकतात, त्यामुळे अखंड कातडीची लादी कापलेल्या लादीपेक्षा पाण्यात जास्त तग धरते. धिंगरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना यातले बरेच काही आधीच अवगत असते. सोयाबीनचे कुटार किंवा भाताचा पेंढा गरम पाण्यात बुडवून काढणे, तो पिळून ओलावा जोखणे, स्पॉन म्हणजे बुरशीचे बियाणे थरांथरांनी पेरणे आणि हिरवी बुरशी दिसताच ती पिशवी बाजूला काढणे ही सारी कौशल्ये इथे जशीच्या तशी लागू पडतात. महाराष्ट्रात या साहित्याचे उत्पादन वाढायचे असेल तर त्याची सुरुवात महागड्या प्रयोगशाळेपेक्षा अळंबीच्या शेडमधून होणे अधिक सयुक्तिक आहे.

अमेरिकेत रेन्सेलर तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेल्या एबन बेयर आणि गॅविन मॅकिन्टायर या दोघांनी २००७ मध्ये इकोव्हेटिव्ह ही कंपनी काढली आणि कवकजालाचे वेष्टण थर्माकोलच्या जागी विकायला सुरुवात केली. या साहित्याने मोठी इमारत उभी राहू शकते का, याची सर्वांत गाजलेली चाचणी २०१४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये झाली. वास्तुकार डेव्हिड बेंजामिन यांच्या 'द लिव्हिंग' या संस्थेने आधुनिक कला संग्रहालयाच्या क्वीन्समधल्या शाखेच्या अंगणात सुमारे १०,००० अशा विटांचा, साधारण १२ मीटर उंचीचा मनोरा उभारला. मक्याच्या धाटांचा चुरा आणि कवकजाल इतकेच विटांचे घटक. उन्हाळा संपल्यावर मनोरा उतरवून विटांचे खत करण्यात आले. उतरवण्याची योजना बांधण्याच्या आराखड्यातच होती, हे या मनोऱ्याचे मोठेपण आहे.

त्यावरून अशा विटांची घरे होतील असा समज मात्र करून घेऊ नये. नेहमीच्या एम-२० काँक्रीटची दाब सोसण्याची क्षमता चौरस मिलिमीटरला २० न्यूटन धरतात. कवकजालाच्या हलक्या लाद्यांची ती बहुधा १ न्यूटनही नसते. त्यांचे सामर्थ्य दुसरीकडे आहे. त्या उष्णता अडवतात, आवाज शोषतात, आणि थर्माकोल जिथे वितळून ठिबकतो तिथे त्या वरून कोळसतात. छताखालचे आवरण, ध्वनिमुद्रणाच्या खोलीची भिंत, नाजूक मालाचे वेष्टण या त्यांच्या जागा. ओलावा हा त्यांचा मोठा शत्रू. कोकणच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेली लादी पाणी पिऊन फुगेल आणि तिच्यावर दुसरीच बुरशी चढेल. कुजणे हा गुण आणि न कुजणे ही गरज एकाच वस्तूत सांभाळायची, हा या साहित्याचा मूळ पेच आहे. कवकजालाच्या चामड्यासारख्या पत्र्यांबद्दल मोठी आशा होती, पण त्यांतले 'मायलो' हे बहुचर्चित उत्पादन २०२३ मध्ये थांबले. प्रयोगशाळेतला सुंदर तुकडा आणि रोज हजारो मीटर निघणारा एकसारखा माल यांतले अंतर भांडवलाच्या बाजूनेही मोठे आहे.

जिवाणूंची कारागिरी याहून निराळी. फिलिपाइन्समध्ये नारळपाण्यावर धरणाऱ्या जाड, पारदर्शक सायीला नाता दे कोको म्हणतात आणि ती गोड करून खातात. ती साय म्हणजे जिवाणूंनी विणलेले सेल्युलोज. त्यात लिग्निन मुळीच नसते, त्यामुळे लाकडापासून सेल्युलोज वेगळे करताना लागणारी रसायने इथे वाचतात. वाळवल्यावर तिचा पातळ, चिवट पत्रा होतो. १९८०च्या दशकाअखेरीस जपानी कंपनी सोनीने आपल्या उंची हेडफोनच्या पडद्यासाठी जिवाणूंचे सेल्युलोज वापरले होते. केरळात खोबऱ्याच्या उद्योगातून वाया जाणाऱ्या नारळपाण्यावर हेच जिवाणू वाढवून 'मलाई' नावाचे चामड्यासारखे साहित्य केले जाते. फुटलेल्या नारळाचे पाणी गटारात गेले की तिथला प्राणवायू संपवते. तेच इथे खुराक होते.

दुसरे जिवाणू दगड घडवतात. स्पोरोसार्सिना पाश्चुरी या जिवाणूचे विकर युरियाचे विघटन करते, भोवतालचे पाणी अल्कधर्मी होते आणि त्यात कॅल्शियम असेल तर वाळूच्या कणांमध्ये कॅल्साइट साचून कण जोडले जातात. या रीतीने भट्टीशिवाय वीट होते. सिमेंटच्या उद्योगातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे आठ टक्के वायू निघतो, हे लक्षात घेता भट्टी वाचणे ही मोठीच गोष्ट. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोच्या सहकार्याने २०२० मध्ये चंद्रावरच्या मातीसारख्या मातीपासून अशा विटा करून दाखवल्या. त्यांत बांधणीला मदत म्हणून गवारीच्या बियांचा डिंक वापरला होता. मात्र युरियाच्या विघटनात अमोनियाही निघतो. तो पकडून त्याचे काय करायचे हे ठरवल्याखेरीज या विटेला निर्धोक म्हणता येत नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात हेंक याँकर्स यांनी काँक्रीटमध्येच जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचे खाद्य पेरून ठेवले. भेग पडून पाणी आत शिरले की बीजाणू जागे होतात आणि चुनखडी साठवून भेग बुजवतात.

तिसरे काही जिवाणू चरबीसारखे प्लास्टिक साठवतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेमॉयन यांनी १९२० च्या दशकात जिवाणूच्या पेशीतला असा पदार्थ ओळखला. खाद्य भरपूर पण नत्र अपुरा अशी स्थिती आली की पेशी उरलेला कार्बन या रूपात साठवते. या घराण्याला पीएचए म्हणतात. ते मातीत आणि समुद्राच्या पाण्यातही कुजते, पण पेशी फोडून ते बाहेर काढणे महाग पडते. स्वस्त पडते ते पीएलए. साखर किंवा पिष्टमय पदार्थ आंबवून दह्यातल्यासारखे लॅक्टिक आम्ल करायचे आणि त्याच्या साखळ्या जोडायच्या. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रासाठी यात स्वाभाविक रस आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला जैवप्लास्टिकचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. पण पीएलएचा पेला गरम चहाने वाकडा होतो आणि परसातल्या खड्ड्यात वर्षभर तसाच राहतो. त्याला कुजायला साठ अंशांजवळची सततची उष्णता लागते आणि तशी व्यवस्था शहराच्या मोठ्या खतप्रकल्पातच असते. तो प्रकल्प नसेल तर हा पेला नाल्यात नेहमीच्या प्लास्टिकसारखाच वागतो.

आता टाकाऊचा प्रश्न. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो ओला बगॅस उरतो. साखर कारखान्यांच्या अंगणातले त्याचे डोंगर पाहून हा फुकटचा कच्चा माल आहे असे वाटते. प्रत्यक्षात कारखान्याचे बॉयलर त्यावरच चालतात आणि सहवीज प्रकल्पातून उरलेली वीज विकली जाते. त्या बगॅसच्या ताटल्या केल्या तर बॉयलरला दुसरे इंधन द्यावे लागेल. ते कोळसा असेल तर सगळा हिशेब उलटा फिरतो. उसाचे वाढे गुरांना जाते. पाचट मात्र पुष्कळ ठिकाणी शेतातच पेटवले जाते, तरीही ते कुजवून जमिनीत घालणारे शेतकरी ते द्यायला तयार नसतात आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. जमिनीचा सेंद्रिय कर्ब हा कोणत्याही ताटलीपेक्षा मोलाचा.

पऱ्हाटीची गोष्ट जरा वेगळी. ती लाकडासारखी कठीण, गुरे खात नाहीत, लवकर कुजत नाही आणि शेतात राहिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा देते. म्हणून ती उपटून काही चुलीला, बाकीची बांधावर जाळली जाते. मुंबईच्या माटुंग्यातली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, जिचे बीज नामकुमच्या लाख संस्थेप्रमाणेच १९२४ चे, तिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र विकसित केले. तंत्र हाती असूनही अडचण येते ती गोळा करण्याची. पऱ्हाटी हलकी आणि फोफशी, त्यामुळे ट्रकमध्ये वजनापेक्षा हवाच जास्त जाते. ती दोन-तीन महिन्यांतच निघते, कारखाना मात्र वर्षभर चालवायचा असतो. शेतातच चुरा करणारे यंत्र आणि गावातच साठवणीची शेड नसेल, तर उत्तम बोर्डही वाहतुकीच्या खर्चात हरतो. जळगावच्या केळीपट्ट्यातही हेच दिसते. केळ एकदाच घड देते आणि मग तिचे खोड काढून टाकावे लागते. त्यातून रेशमासारखा धागा निघतो, पण खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. म्हणून धागा काढण्याचे यंत्र शेतापर्यंत जावे लागते. खोडे वाहून नेणे म्हणजे पाणी वाहणे.

किनाऱ्यावरच्या कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये टरफले आणि डोकी ढिगाने उरतात. त्यांतून कायटिन आणि पुढे कायटोसान काढून जखमेवरच्या पट्ट्या, पाणी शुद्ध करणारे पदार्थ, पातळ पापुद्रे करता येतात. पण त्यासाठी आम्ल आणि अल्क यांचे धुणे लागते आणि ते सांडपाणी खाडीत सोडले तर एका कचऱ्याच्या जागी त्याहून वाईट कचरा तयार होतो. भाताच्या तुसाची राख त्यामानाने सुटसुटीत. तिच्यात सिलिका पंचाऐंशी-नव्वद टक्के असते आणि ती काँक्रीटमध्ये काही सिमेंटची जागा घेते. मात्र तूस बेताच्या आचेवर जाळावे लागते, कारण फार तापल्यावर सिलिका स्फटिक होऊन निष्क्रिय होते. देवळातल्या फुलांचा वापर तर टाकाऊच्या नैतिक बाजूशीही जोडलेला आहे. वाहिलेली फुले उकिरड्यावर टाकायला मन धजत नाही म्हणून ती नदीत जातात. कानपूरमधल्या 'फूल' या उद्योगाने ती गोळा करून उदबत्त्या केल्या आणि पुढे त्याच फुलांवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांपासून चामड्यासारखे साहित्यही. नदीकाठावरची श्रद्धा दुखावू न देता कचरा वळवण्याचे हे काम जितके रसायनाचे तितकेच समजुतीचे.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, तेव्हा बाजारात 'कुजणाऱ्या' वस्तूंची रीघ लागली. या दाव्याला मोजमाप आहे. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाप्रमाणे औद्योगिक खतनिर्मितीच्या परिस्थितीत, म्हणजे ५८ अंशांच्या आसपास, १८० दिवसांत पदार्थातल्या सेंद्रिय कर्बाचा ९० टक्के भाग कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलला पाहिजे. नुसते तुकडे होणे यात बसत नाही. तुकडे होऊन नजरेआड गेलेले प्लास्टिक मातीत आणि पाण्यात सूक्ष्मकणांच्या रूपाने उरतेच. मिश्र वस्तूंचा प्रश्न आणखी अवघड. अननसाच्या पानांच्या धाग्याचे चामडे वरच्या कृत्रिम लेपामुळे पुरते कुजत नाही. लगद्याच्या वाडग्यांना तेल झिरपू नये म्हणून काही ठिकाणी फ्लोरिनयुक्त रसायने लावली जातात. ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. पळसाच्या पानांची, चोयट्यांनी टाचलेली पत्रावळ यातले काहीही न लावता जेवणाच्या पंक्तीपुरती टिकते आणि उकिरड्यात माती होते. तिचे आयुष्य तिच्या कामाच्या मापाचे आहे. कागदी पत्रावळीवर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवला की ते माप बिघडते.

म्हणून अशा साहित्याची रचना शेवटाकडून मागे यावी लागते. वस्तू कुठे, किती काळ, कोणत्या हवेत वापरायची आणि वापर संपल्यावर ती कोणाच्या हातात जाईल, हे आधी. मग त्या परिसरात कोणता शेष माल खरोखर बेवारशी आहे आणि कोणत्या महिन्यांत मिळतो. त्यानंतर त्यावर कोणता सजीव वाढू शकेल. बहुतेक प्रयोग उलट्या क्रमाने, एखाद्या आकर्षक बुरशीपासून सुरू होतात. वाळवण्याला लागणारी वीज, निर्जंतुक करण्याची वाफ, वाहतुकीचे डिझेल, धुण्याचे पाणी यांचा संपूर्ण जीवनक्रमाचा हिशेब मांडला की काही 'हिरव्या' वस्तू जुन्यांपेक्षा जड भरतात. सजीव दर वेळी सारखा वाढत नाही, हीसुद्धा कारखान्याच्या शिस्तीला न मानवणारी बाब. एकाच पोत्यातल्या स्पॉनपासून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात निघणाऱ्या लाद्यांत फरक पडतो आणि मानके ठरवणाऱ्या संस्थांना त्या फरकाची मर्यादा आखून द्यावी लागते.

साहित्य मारून न टाकता जिवंत ठेवण्याची तिसरी वाट मेघालयातल्या खासी आणि जैंतिया लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे. तिथे पावसाने फुगणाऱ्या ओढ्यांवर लाकडी पूल लवकर कुजतात. म्हणून ओढ्याच्या काठी रबरवडाचे झाड लावून त्याची हवेतली मुळे बांबूच्या किंवा पोफळीच्या खोडाच्या आधाराने पलीकडच्या काठाकडे वळवली जातात. मुळे पलीकडच्या मातीत रुजायला आणि जाड व्हायला पंधरा ते तीस वर्षे लागतात. लावणाऱ्याला बऱ्याचदा त्या पुलावरून चालायला म्हातारपणच उजाडते. नंतर तो पूल वयाबरोबर अधिक भक्कम होतो. मधल्या फटींत दगड भरले जातात, आधाराचा बांबू यथावकाश कुजून गळून पडतो आणि दरवर्षी फुटलेली नवी मुळे गावातली माणसे जुन्या मुळांत विणून घेतात.